रेषेपलीकडची घरं

‘मिडनाइट ऑइल’ या ऑस्ट्रेलियन रॉक संगीतमंडळाचा ‘डीझेल अँड डस्ट’ हा अल्बम १९८७ साली आला. त्याच्या मुखपृष्ठावर उजाड रानात एकटंच उभं असलेलं एक जुनं दगडी शेतघर आहे. हे घर चित्रासाठी उभारलेलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा नावाच्या जुन्या खाणगावाबाहेर ते खरोखरच आहे, आणि येणारे-जाणारे आजही गाडी थांबवून त्याचा फोटो काढतात. या प्रदेशात उत्तरेकडे सरकावं तशी अशी घरं वाढत जातात. विलोक्राचं मैदान, फ्लिंडर्स डोंगररांगांचा पायथा, क्वॉर्न, हॉकर, आणि त्याही पलीकडे फरीना. कुठे चार भिंती, कुठे नुसती धुराड्याची भिंत, कुठे अख्खं गावच.

अशा पडक्या घरांविषयी बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. धाडसी वसाहतकरी आले, त्यांनी निसर्गाशी झुंज दिली, निसर्ग बलवान ठरला. हे ऐकायला बरं वाटतं, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो. हरणाऱ्याला हिमतीचं श्रेय मिळतं आणि जिंकणाऱ्या वाळवंटाला जाब विचारता येत नाही. माझा आक्षेप या गोष्टीच्या मधल्या गाळलेल्या पानावर आहे. यातली गव्हाच्या शेतकऱ्यांची बहुतेक घरं जिथे उभी राहिली, तिथल्या पावसाचा भरवसा धरता येत नाही असं सरकारच्याच सर्वांत मोठ्या जमीन-अधिकाऱ्याने आधी लेखी कळवलेलं होतं. नकाशा काढून, रेषा ओढून. तो कागद १८६५ चा आणि ती घरं १८७० च्या दशकातली. या दोहोंच्या दरम्यान काय घडलं, ते पाहायला हवं.

आधी घराकडे जरा जवळून पाहू. या मुलखात बांधकामाजोगं सरळ लाकूड कमी, म्हणून भिंती दगडाच्या. शेजारच्या ओढ्यातून, टेकडीवरून आणलेले तांबूस, पिवळसर दगड, मध्ये मातीचा किंवा चुन्याचा लगदा. जाडी हातभर. दाराखिडक्यांवर तिथल्याच सायप्रस पाइनच्या तुळया. या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून दीडशे वर्षांनंतरही काही ठिकाणी त्या आपला भार पेलत आहेत. छप्पर मात्र नाही, आणि ते वाऱ्याने उडालं असं मानायचं कारण नाही. पन्हळी पत्रा तेव्हा महाग होता. घर सोडून जाणारा माणूस पत्रे, दारं, चौकटी उतरवून गाडीत घालून नेत असे, नाहीतर विकत असे. दगड नेता येत नव्हते, ते राहिले. घराजवळ जमिनीत बांधून काढलेलं टाकं असतं, छपरावरचं पाणी साठवायला. छप्पर मोठं, टाकं मोठं, आणि आभाळातून येणारं पाणी दोन्हींना पुरून उरेल असा हिशेब. ही तात्पुरती झोपडी नव्हे. नातवंडांपर्यंत टिकावं अशा हिशेबाने बांधलेलं घर आहे, आणि अशी कित्येक घरं दहा-बारा वर्षांच्या आत रिकामी झाली.

या भागातलं सर्वांत प्रसिद्ध अवशेषस्थळ म्हणजे क्वॉर्न-हॉकर रस्त्यावरचं कनियाका. ते गव्हाच्या शेतकऱ्याचं घर नव्हे, मेंढपाळीचं मोठं ठाणं होतं. ह्यू प्रोबी नावाच्या, आयर्लंडमधल्या एका सरदार घराण्यातल्या तरुणाने ते १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला वसवलं. वाळवंटाच्या कडेला आलेला हा माणूस मेला तो तहानेने नाही. ऑगस्ट १८५२ मध्ये वादळी पावसात गुरं वळवताना विलोक्रा ओढ्याला अचानक लोंढा आला आणि तो त्यात बुडाला. वय २४. पुढे त्याच्या भावंडांनी त्याच्या थडग्यासाठी ग्रॅनाइटची भलीमोठी शिळा जहाजाने पाठवली. ज्या ओढ्यात वर्षाचे बहुतेक दिवस वाळू असते, त्यात बुडून मरणं ही या प्रदेशाची पहिली आणि नीट न वाचली गेलेली सूचना होती. इथे पाऊस कमी आहे हे अर्धंच खरं. इथला पाऊस बेभरवशाचा आहे हे पूर्ण खरं.

प्रोबीनंतर ठाणं इतरांच्या हाती गेलं आणि वाढलं. मालकाचं घर, कामगारांच्या खोल्या, लोहारकाम, लोकर कातरण्याची लांबलचक शेड. ऐन भराच्या काळात सत्तरएक कुटुंबं तिथे राहत होती असं सांगतात. मग १८६३ च्या सुमारास पाऊस आटला आणि तीन-चार वर्षं आटलेलाच राहिला. एकट्या कनियाकाच्या हजारो मेंढ्या मेल्या. उत्तरेकडच्या सगळ्याच ठाण्यांची हीच गत. त्यात भर अशी, की याच सुमारास सरकारने चराऊ जमिनींचं नव्याने मूल्यांकन करून भाडी वाढवली होती. मूल्यांकन करणारे होते वसाहतीचे सर्व्हेयर-जनरल जॉर्ज वुडरूफ गॉयडर. मेंढीमालकांनी ओरड केली. सरकारने गॉयडरनाच सांगितलं, जा आणि दुष्काळ कुठपर्यंत पोचलाय ते ठरवून या. त्या हद्दीपलीकडच्यांना भाड्यात सूट देऊ.

म्हणजे ही रेषा शेतीसाठी काढलेली नव्हतीच. तिचा हेतू आपल्याकडच्या आणेवारीचा होता: सूट कुणाला द्यायची आणि कुणाला नाही. आणेवारी ठरवताना जसं सगळ्यांचं लक्ष आकड्याकडे असतं आणि पिकाकडे कमी, तसंच गॉयडरच्या बाबतीतही होऊ शकलं असतं. झालं नाही, याचं कारण त्या माणसाच्या आधीच्या एका फजितीत आहे.

१८५७ साली गॉयडर सर्व्हे खात्यात दुय्यम अधिकारी होते. त्यांना उत्तरेत टॉरेन्स सरोवराच्या बाजूला पाठवलं गेलं. नुकताच पाऊस पडून गेला होता. त्यांना गोड्या पाण्याचं अफाट सरोवर दिसलं, हिरवेगार काठ दिसले, पाण्यात बेटं दिसली. त्यांनी तसा अहवाल दिला आणि अ‍ॅडलेडमध्ये आनंदीआनंद झाला. जमिनीसाठी अर्ज येऊ लागले. काही महिन्यांनी त्यांचे वरिष्ठ कॅप्टन फ्रीलिंग सरोवरात घालायला होडी घेऊन तिथे पोचले. होडी तरंगेल इतकं पाणी नव्हतं. चिखल होता, उथळ थर होता, आणि बेटं-कडे हा बराचसा मृगजळाचा खेळ होता. एका चांगल्या पावसाच्या बळावर एका प्रदेशाचं वर्णन करण्याची किंमत गॉयडरनी चारचौघांत मोजली. चारच वर्षांत, १८६१ मध्ये, ते स्वतः सर्व्हेयर-जनरल झाले आणि पुढे तीसहून अधिक वर्षं त्या खुर्चीवर राहिले. ठेंगण्या, सतत धावपळ करणाऱ्या या गृहस्थांना लोक ‘लिटल एनर्जी’ म्हणत.

१८६५ च्या अखेरीस त्यांनी घोड्यावरून जवळजवळ ३,२०० किलोमीटरची फेरी मारली. पावसाच्या नोंदी त्या भागात नसल्यातच जमा होत्या. पर्जन्यमापक हातावर मोजण्याइतके, तेही थोड्याच वर्षांचे. मग रेषा कशावरून काढायची? गॉयडरनी झाडझाडोरा वाचला. दक्षिणेकडे मॅली हे बुटकं, बुंध्यातूनच अनेक फांद्या फुटलेलं निलगिरीच्या जातीचं झाड दिसतं. उत्तरेकडे ते विरळ होत जातं आणि सॉल्टबुश, ब्लूबुश ही करड्या-निळसर, खारट पानांची झुडपं सुरू होतात. एखादं वर्ष चांगलं गेलं म्हणून सॉल्टबुश मॅलीसाठी जागा सोडत नाही आणि एखादं वाईट गेलं म्हणून मॅली मरत नाही. म्हणजे जमिनीवर शेकडो वर्षांच्या पावसाची नोंद आधीच लिहिलेली होती. ती वाचायला घोडा, चिकाटी आणि थोडी नम्रता पुरेशी होती. पूर्वेला पिनारूच्या बाजूने निघून रेषा वायव्येला माउंट रिमार्केबलपर्यंत चढते, तिथून खाली वळते आणि एअर द्वीपकल्पातून पश्चिमेकडे जाते. नंतर मोजमापं झाली तेव्हा दिसलं, की ती वर्षाला साधारण दहा ते बारा इंच पावसाच्या समरेषेशी बरीचशी जुळते. नकाशावर ती कधी नागमोडी, कधी अगदीच विचित्र दिसते. कारण ती कचेरीत पट्टी लावून ओढलेली नाही.

इथपर्यंत गोष्ट शहाणपणाची आहे. पुढची गोष्ट शहाणपण कसं बाजूला सारलं जातं याची आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत १८३६ मध्ये सुरू झाली तीच मुळी जमीनविक्रीच्या हिशेबावर. सरकारने जमीन विकायची, त्या पैशातून मजूर आणायचे, मजुरांनी बचत करून पुन्हा जमीन घ्यायची. एकरी किमान भाव एक पौंड. सरकारच्या तिजोरीचा मोठा भाग या विक्रीतून येत असे. १८६० च्या दशकाअखेर दक्षिणेकडच्या गव्हाच्या जमिनी सलग पिकं काढून थकल्या होत्या, शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीत सवलती चांगल्या होत्या आणि शेतकरी तिकडे सरकू लागले होते. म्हणून १८६९ च्या कायद्याने उधारीवर जमीन द्यायला सुरुवात झाली: एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरांपर्यंत, थोडी रक्कम आधी, बाकीची पुढे. १८७२ च्या कायद्याने ही उधारी गॉयडरच्या रेषेच्या दक्षिणेपुरती मर्यादित केली. मेंढ्यांच्या भाडेसवलतीसाठी काढलेली रेषा आता नांगराची हद्द झाली.

आणि नेमक्या याच वर्षांत पाऊस चांगला झाला. रेषेच्या दक्षिणेला गहू मायंदाळ पिकला. पलीकडचं मोकळं, सपाट, गवताने डोललेलं रान लोकांच्या नजरेसमोर होतं आणि मध्ये आडवी होती ती एका अधिकाऱ्याची शाई. सभा झाल्या, अर्ज झाले, वर्तमानपत्रांनी गॉयडरची टिंगल केली. या वसाहतीत १८५६ पासूनच सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार होता. शेतकऱ्याची मतं मेंढीमालकाच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त. १८७४ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, कायदा बदलला. आता थेट २६ व्या अक्षांशापर्यंत कुठेही उधारीवर जमीन मिळणार होती. नकाशा उघडून पाहावा: २६ वा अक्षांश म्हणजे आजच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची उत्तर सीमा. तिच्या अलीकडे सिम्पसन वाळवंटाचं टोक आणि एअर सरोवराचा मिठागरासारखा तळ आहे. कायद्याच्या दृष्टीने हे सगळं आता गव्हाचं रान होतं.

उधारीच्या अटींकडे इथे लक्ष द्यायला हवं, कारण घरांच्या जाड भिंतींचं रहस्य त्यांत आहे. जमीन घेणाऱ्याने त्या जमिनीवर राहिलं पाहिजे, सुधारणा केल्या पाहिजेत, ठरावीक हिस्सा नांगरलाच पाहिजे. हेतू चांगला होता. सट्टेबाजांनी जमिनी अडवून ठेवू नयेत, खऱ्या कसणाऱ्याला मिळाव्यात. पण जिथे न नांगरणं हेच शहाणपण, तिथे नांगरणं ही कर्जाची अट झाली. सॉल्टबुश उपटून टाकल्याशिवाय जमीन नावावर होणार नव्हती. चांगल्या हेतूने लिहिलेली अट चुकीच्या जागी लावली की ती वाईट हेतूच्या अटीपेक्षा जास्त नुकसान करते. निदान तिच्याविरुद्ध बोलायला कुणी लवकर पुढे येत नाही.

या सगळ्याला शास्त्राचा आधारही मिळाला. नांगरट केली, झाडं लावली की हवेतला ओलावा वाढतो आणि पाऊस नांगरामागोमाग येतो, असं मत तेव्हा सुशिक्षित लोकही गंभीरपणे मांडत. हे केवळ ऑस्ट्रेलियातलं खूळ नव्हतं. अमेरिकेत नेब्रास्काच्या जमिनींचा प्रचार करणाऱ्या चार्ल्स डेना विल्बरने १८८१ च्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच घोषणा केली. त्याच्या तीनच वर्षं आधी, १८७८ मध्ये, जॉन वेस्ली पॉवेलने अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांवरचा अहवाल देऊन शंभराव्या रेखांशापलीकडे नेहमीची शेती चालणार नाही असं बजावलं होतं. तिथेही अहवाल मागे पडला आणि घोषणा पुढे गेली. १८९० च्या दशकात कॅन्सस-नेब्रास्कातून हजारो कुटुंबं परत फिरली. १९३० च्या दशकात त्याच मैदानांवरून धुळीच्या भिंती उठल्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. इथे पुढच्याला ठेच लागत असताना मागचा नांगर जुंपत होता.

हे मत लोकांनी का मानलं असावं? मूर्ख होते म्हणून नव्हे. ते मत ज्यांना हवं होतं त्यांची यादी लांब होती. सरकारला जमीन विकायची होती. रेल्वेला माल हवा होता. पोर्ट ऑगस्टाहून निघालेला लोहमार्ग १८७९ मध्ये क्वॉर्नला, १८८० मध्ये हॉकरला आणि १८८२ मध्ये फरीनाला पोचला. दुकानदार, सावकार, गावठाणाचे प्लॉट घेणारे, वर्तमानपत्रांचे मालक, सगळ्यांचा नफा पाऊस येण्यावर अवलंबून होता. आणि शेतकऱ्याला तर दुसरी जमीन परवडतच नव्हती. एखाद्या समजुतीवर इतक्या लोकांचे पैसे लागलेले असतील, तर ती तपासण्याचं काम कुणी अंगावर घेत नाही. पाऊस तेवढा तपासतो.

तो १८८० पासून तपासू लागला. सलग काही हंगाम बुडाले. पेरलेलं बीसुद्धा परत मिळेना. तांबेरा आला, टोळ आले; पुढे ससे आले. पण खरी हानी वाऱ्याने केली. सॉल्टबुशची मुळं खोल आणि बारमाही. ती गेली, वरची माती नांगराने मोकळी झाली, आणि कोरड्या वाऱ्याने ती उचलून नेली. शेतकरी हप्ते थकवू लागले. सरकारने हप्ते लांबवले, जमीन परत करून दक्षिणेत दुसरी घेण्याच्या सवलती दिल्या. काहींनी त्या घेतल्या. पुष्कळांनी पत्रे उतरवले आणि गाडी जुंपली. विलोक्रा मैदानावर आखलेल्या गावांपैकी गॉर्डन, विल्सन ही नावं आज प्रामुख्याने नकाशात आणि पडक्या भिंतींत उरली आहेत. सिमनस्टनची कथा त्याहून वेगळी: रेल्वे येणार म्हणून तिथे दगडी इमारती उभ्या राहू लागल्या, रेल्वे दुसरीकडून गेली, आणि गाव वसण्याआधीच उजाड झालं.

फरीना पाहण्यासारखं आहे. रेषेपासून कितीतरी उत्तरेला, वर्षाला सरासरी सहा-सात इंच पावसाचं ठिकाण. आधीचं नाव ‘गव्हर्न्मेंट गम्स’. १८७८ च्या सुमारास गव्हाच्या पिठावरून लॅटिन नाव देऊन गाव आखलं गेलं. गहू तिथे कधी नीट झालाच नाही. गाव काही दशकं तगलं ते रेल्वेच्या शेवटच्या ठाण्यामुळे आणि उंटांच्या तांड्यांमुळे. हे उंट नि उंटवाले आले होते आपल्याच बाजूने. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या धनिकाने शंभरावर उंट आणि तीसेक उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. ऑस्ट्रेलियन लोकांनी या बलुची, सिंधी, पठाण मंडळींना सरसकट ‘अफगाण’ ठरवलं. कोरड्या मुलखात जगायचं तर पाण्यामागे चालत राहावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. गव्हाच्या शेतकऱ्याला मात्र कायद्याने एका जागी राहण्याची अट घातली होती.

चालत राहण्याचं हे ज्ञान अर्थात तिथे आधीपासून होतं. फ्लिंडर्स डोंगररांगांतल्या वारात्यी या खडकाश्रयात सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथले मूळचे आद्न्यमथन्हा लोक आणि त्यांचे पूर्वज बर्फयुग, दुष्काळ, पूर या सगळ्यांतून या भागाशी नातं टिकवून राहिले. त्यांना जमिनीचा मगदूर कुणी विचारल्याची नोंद सर्व्हे खात्याच्या कागदांत शोधून सापडेल असं मला वाटत नाही. त्यांच्या पाणवठ्यांवर आधी मेंढ्या आल्या, मग कुंपणं आली. पडक्या शेतघरांना ‘प्राचीन’ म्हणणारे पर्यटक भेटतात तेव्हा म्हणूनच चमत्कारिक वाटतं.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असं मराठी वाचकाला वाटेल. संबंध उपमेचा नाही, हवेचा आहे. अ‍ॅडलेडचे सरकारी खगोलतज्ज्ञ आणि तारखात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांनी खंड ओलांडणारी तारयंत्राची लाइन टाकून घेतली आणि तिच्या ठाण्यांवरून पावसाच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. १८८८ मध्ये त्यांनी आपल्या नोंदी हिंदुस्थानातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि मोठे दुष्काळ दोन्ही देशांत बहुधा एकाच वेळी पडतात असं लिहून ठेवलं. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९२० च्या दशकात प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या वायुदाबाचं हे हेलकावणं आकड्यांत पकडलं. आज आपण ज्याला एल निनो म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये घाबरतो, त्याचीच ही बाजू. १८७६ ते ७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ, ज्याच्या वार्ता पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावी माणसं पाठवून गोळा केल्या, तोही याच हेलकाव्याच्या एका मोठ्या तडाख्याशी जोडला जातो.

म्हणून सरासरीच्या आकड्याचं खोटेपण दोन्हीकडे सारखंच आहे. सरासरी दहा इंच म्हणजे एका वर्षी अठरा आणि लागोपाठ तीन वर्षं पाच-सहा असंही असू शकतं; कागदावर हिशेब जुळतो, शेतात जुळत नाही. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना ‘सरासरी’चं वर्ष आठवत नाही; त्यांना ७२ चा दुष्काळ आठवतो. २०१५ च्या एल निनोनंतर २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तेव्हा त्या जिल्ह्यात आधीच्या बऱ्या वर्षांत उभे राहिलेले साखर कारखाने होतेच. आपल्याकडे कुणी गॉयडर नव्हता असं नाही. दुष्काळी तालुक्यांच्या समित्या आणि अहवाल पुष्कळ आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी ते उघडायची पद्धत नाही इतकंच.

चूक चांगल्या वर्षांतच होते, हे इतिहासातलं सर्वांत दुर्लक्षित वाक्य मला या भिंतींकडे पाहून सुचतं. दुष्काळात सगळेच शहाणे असतात. १८६५ मध्ये गॉयडरच्या रेषेला फारसा विरोध झाला नाही, कारण मेंढ्या मरत होत्या. १८७४ मध्ये ती टिकली नाही, कारण गवत डोलत होतं. दरम्यान माती बदलली नव्हती, सॉल्टबुश बदललं नव्हतं, पुरावा तोच होता. बदलली होती ती फक्त लोकांची आठवण, आणि तीही अवघ्या आठ-नऊ वर्षांत. एकट्या शेतकऱ्याने पाच बऱ्या हंगामांवरून सहाव्याचा अंदाज बांधला तर त्याला दोष देता येत नाही; त्याच्याकडे तेवढाच अनुभव आणि तेवढीच बचत असते. सरकारकडे दप्तर असतं. दप्तर कशासाठी ठेवायचं, तर ज्या गोष्टी माणसं सोयीने विसरतात त्या आठवणीत राहाव्यात म्हणून. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दप्तर विसरून मतं मोजली, आणि त्याची किंमत मात्र दप्तर न पाहिलेल्या माणसांनी भरली. जमिनीचे पहिले हप्ते तिजोरीत जमा झाले होते. घरं बांधणाऱ्यांचा घाम कुठेच जमा झाला नाही.

नंतर रेषेला मान मिळाला. तिचा हवाला देणं शहाणपणाचं लक्षण झालं. रस्त्यांच्या कडेला तिच्या खुणेचे फलक उभे राहिले, आणि बरा ज्या स्थानिक परिषदेत येतं तिचं नावच गॉयडर आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डोनाल्ड माइनिग यांनी १९६२ साली या गव्हाच्या सीमेचा इतिहास लिहिला. पण मानाने रेषा स्थिर झाली नाही. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियात एप्रिल ते ऑक्टोबर या पेरणी-वाढीच्या महिन्यांचा पाऊस १९९० च्या दशकापासून आधीच्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी घटला आहे. शेतीसंशोधक गेली वीसएक वर्षं सांगत आहेत की गॉयडरची रेषा दक्षिणेकडे सरकते आहे. म्हणजे जी गावं तेव्हा सुरक्षित बाजूला होती त्यांतली काही उद्या पलीकडे जातील. २०२४ मध्ये आणि २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शेतीपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी नोंदींच्या इतिहासातला नीचांकी पाऊस झाला.

आजचा शेतकरी १८७५ सालचा नाही, हे मान्य करायला हवं. तो न नांगरता पेरतो, धसकटं जमिनीवर ठेवून ओल राखतो, लवकर येणारी वाणं वापरतो, मेंढ्या आणि गहू असा दुहेरी बेत ठेवतो, आणि रेषेपलीकडे पेरलं तर आपण जुगार खेळतो आहोत हे त्याला माहीत असतं. हा फरक लहान नाही. तरीही एक गोष्ट मला खटकते. गॉयडरची रेषा सरकारी होती, छापील होती, कुणीही वाचावी आणि तिच्यावर भांडावं अशी होती. लोक भांडले, हरले, पण कशावर भांडलो हे त्यांना माहीत होतं. आता कोणत्या जमिनीवर कर्ज द्यायचं, कुठल्या पट्ट्यात विम्याचा हप्ता किती, हे ठरवणाऱ्या रेषा कर्ज देणाऱ्या आणि विमा उतरवणाऱ्या संस्था आपापल्या संगणकांवर काढतात, सरकवतात, आणि त्या शेतकऱ्याला सहसा दाखवत नाहीत. ज्याचं घर त्या रेषेच्या पलीकडे गेलं त्याला ते कळतं ते कर्ज नाकारल्याच्या पत्रातून, आणि त्या पत्रात कारण लिहिलेलं असेलच असं नाही.